तेलाची सनद आणि साम्राज्यांचा सलोखा

इराणचा शाह मुझफ्फरुद्दीन याने २८ मे १९०१ रोजी विल्यम नॉक्स डार्सी या ब्रिटिश धनिकाला तेलाची सनद दिली. साठ वर्षांच्या मुदतीची ही सनद ४ लाख ८० हजार चौरस मैलांना, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या चौपट मुलखाला, लागू होती. शाहच्या पदरात पडायचे होते ते २० हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे कंपनीचे भाग आणि निव्वळ नफ्याचा सोळा टक्के हिस्सा. इतक्या सढळ हाताने दिलेल्या या सनदेतून पाच प्रांत मात्र वगळलेले होते: अझरबैजान, गिलान, माझांदरान, अस्तराबाद आणि खोरासान. तेथे तेल नाही, असे कोणा भूगर्भशास्त्रज्ञाने सांगितले नव्हते. हे पाचही प्रांत झारच्या मुलखाला किंवा झारचे वर्चस्व असलेल्या कास्पियन समुद्राला लागून होते, एवढेच त्यामागील कारण.

तेलाच्या प्रारंभीच्या राजकारणाचे मर्म या वगळलेल्या पाच प्रांतांत सापडते. इराणजवळ सैन्य नावापुरते होते, तिजोरी रिकामी होती आणि शाहला युरोपच्या सफरींचा षोक होता. त्याच्याजवळ खरे भांडवल एकच. उत्तरेकडील झार आणि दक्षिणेकडील ब्रिटिश साम्राज्य यांचे परस्परांशी असलेले वैर. दोन गिऱ्हाइके एकमेकांवर डोळा ठेवून उभी असली, की दुबळ्या विक्रेत्यालाही थोडाफार भाव करता येतो, निदान विक्री लांबणीवर टाकता येते. दोघांनी संगनमत केले, की तो आधारही जातो. इराणच्या बाबतीत नेमके हेच घडले. साम्राज्यांच्या स्पर्धेने छोट्या राष्ट्रांचा घात केला, असे इतिहासाच्या पुस्तकांतून सरसकट लिहिले जाते. इराणचा अधिक मोठा घात स्पर्धा संपल्यामुळे झाला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

स्पर्धेचा उपयोग शाहने पूर्वीही अनुभवला होता. १८७२ साली नासिरुद्दीन शाहने वृत्तसंस्थेचा संस्थापक बॅरन ज्युलिअस द रॉयटर याला रेल्वे, खाणी, जंगले, कालवे आणि जकातवसुली यांचा मक्ता एकाच कागदावर लिहून दिला होता. एखाद्या राज्याची सारी औद्योगिक संपत्ती परक्यांच्या स्वाधीन करणारा असा दस्तऐवज दुसरा नसेल, असा अभिप्राय पुढे कर्झनसारख्या कट्टर साम्राज्यवाद्यानेही दिला. देशात गवगवा झाला, सेंट पीटर्सबर्गने डोळे वटारले, आणि १८७३ च्या अखेरीस मक्ता रद्द झाला. तंबाखूच्या मक्त्याची गतही तीच. मेजर टॅलबटला १८९० साली तो मिळाला. डिसेंबर १८९१ मध्ये धर्मगुरूंच्या नावाने तंबाखूबंदीचा फतवा निघाला आणि खुद्द राजवाड्यातील हुक्के विझले, असे सांगतात. व्यापारी आणि मुल्ला यांच्या या उठावाला रशियन वकिलातीची सहानुभूती होती. मक्ता गेला, पण नुकसानभरपाईपोटी ५ लाख पौंडांचे कर्ज इराणच्या डोक्यावर बसले. त्या देशाचे हे पहिले परकीय कर्ज.

दोघांच्या वैरावर विसंबून राहण्याची किंमत इराणला द्यावी लागली, हेही नाकारता येत नाही. ब्रिटनला रेल्वे नको होती, कारण ती हिंदुस्थानच्या दिशेने येईल. रशियाला नको होती, कारण तिच्यातून ब्रिटिश माल उत्तरेला पोहोचेल. शेवटी १८९० साली दहा वर्षे देशात रेल्वे बांधू न देण्याचे वचन रशियाने शाहकडून घेतले आणि १९०० साली त्याची मुदत वाढवून घेतली. त्याच वर्षी २ कोटी २५ लाख रुबलांचे रशियन कर्ज आले; तारण म्हणून फार्स प्रांत आणि आखाती बंदरे सोडून उरलेल्या साऱ्या जकातीचे उत्पन्न लिहून दिले गेले.

डार्सीची सनद या पार्श्वभूमीवर झाली. तेहरानमधील ब्रिटिश वकील सर आर्थर हार्डिंग याने आपल्या आठवणींत सांगितलेली हकीकत मासलेवाईक आहे. रशियनांना न कळवता सनद द्यावी, तर उद्या त्यांचा रोष. कळवावे, तर आजच मोडता. तेव्हा वजीर अमीनुस्सुलतान याने तोडगा काढला. सनदेची माहिती देणारे पत्र हार्डिंगने फार्सीत, शिकस्ता लिपीत लिहावे आणि वजिराने ते रशियन वकिलातीकडे धाडावे. ती वळणदार लिपी वाचू शकणारा वकिलातीतील दुभाषा त्या वेळी सुटीवर असल्याचे वजिराला ठाऊक होते. पत्र रीतसर पोहोचले, न वाचता पडून राहिले, आणि दरम्यान सनदेवर सही झाली. हार्डिंगने गोष्ट रंगवून सांगितली असेलही. परंतु दुबळ्या दरबाराच्या मुत्सद्देगिरीला किती अरुंद जागा उरली होती, ते तिच्यातून स्पष्ट दिसते.

रशियाचा विरोध निव्वळ प्रतिष्ठेसाठी नव्हता. बाकूच्या विहिरी त्या सुमारास जगातील जवळजवळ निम्मे तेल काढीत होत्या आणि रशियाचा अर्थमंत्री विट्टे याला ते पूर्वेकडे विकायचे होते. कॉकेशसपासून इराणच्या आखातापर्यंत नळ टाकावा आणि तेथून घासलेट जहाजांनी हिंदुस्थानच्या बाजारात उतरवावे, अशी त्याची योजना होती. कलकत्त्याच्या सरकारला त्यात व्यापारी धोक्याहून मोठा धोका दिसला. तेलाच्या नळामागोमाग आखातात रशियन ठाणे येईल आणि ठाण्यामागोमाग आरमार. पण डार्सीच्या सनदेतील एका कलमाने दक्षिण किनाऱ्यापर्यंत नळ टाकण्याचा एकाधिकार त्याला आधीच दिला होता. रशियाने नव्या कर्जाच्या बदल्यात नळाची परवानगी मागितली, तेव्हा शाहच्या सरकारला या कलमाकडे बोट दाखवता आले. तेलाचा एक पिंपही हाती आलेला नसताना सनद लंडनच्या उपयोगी पडली होती. पुढे मे १९०३ मध्ये परराष्ट्रमंत्री लॅन्सडाउन याने आखातात दुसऱ्या कोणत्याही सत्तेचा तटबंद तळ सहन केला जाणार नाही, अशी जाहीर ताकीद दिली.

डार्सीचा पैसा मात्र आटत चालला होता. ऑस्ट्रेलियातील माउंट मॉर्गनच्या सोन्याच्या खाणीत मिळवलेली दौलत तो इराणच्या पश्चिम सरहद्दीवरील चिया सुर्खच्या विहिरींत ओतत होता. १९०४ च्या प्रारंभी तेल लागले, पण धंदा चालेल इतके नाही. तो फ्रान्समध्ये रॉथ्सचाइल्डांशी बोलणी करू लागला, तेव्हा ब्रिटिश नौदल खाते जागे झाले. सनद परक्यांच्या हाती जाता कामा नये, म्हणून ‘बर्मा ऑइल कंपनी’ला पुढे करण्यात आले आणि १९०५ साली तिने डार्सीला तारले. ही कंपनी भांडवलाने स्कॉटिश. पण ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या अमलाखाली होता आणि कंपनीचे घासलेट खपत होते ते हिंदुस्थानात. इराणच्या तेलशोधाला जीवदान देणारा पैसा अशा रीतीने बऱ्याच अंशी हिंदी गिऱ्हाइकाच्या दिव्यातून आलेला होता.

आणि मग ३१ ऑगस्ट १९०७ उजाडला. जपानकडून मार खाल्लेला रशिया आणि जर्मनीच्या आरमाराने धास्तावलेले ब्रिटन यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे आशियातील आपले तंटे मिटवले. इराणचे तीन भाग पाडण्यात आले. तेहरान, तब्रीझ, इस्फहान यांसह समृद्ध उत्तर रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेयेचा वाळवंटी कोपरा ब्रिटनच्या, आणि मधला पट्टा तटस्थ. ज्या देशाची ही वाटणी झाली, त्याला आधी विचारण्यात आले नाही. मागाहून कळवण्यात आले. एकच वर्ष आधी, १९०६ साली, इराणी जनतेने झगडून मजलिस आणि राज्यघटना मिळवली होती. परस्परविरोधी सत्तांमध्ये तोल सांभाळत राज्य करण्याची विद्या या नव्या लोकप्रतिनिधींनी शिकावी, तोवर तोल सांभाळण्याजोगे काही उरलेच नाही.

गमतीचा भाग असा, की ब्रिटनने आपला कोपरा निवडला तो हिंदुस्थानच्या वाटा राखण्यासाठी. तेलाचा विचार त्यात नव्हता. नऊ महिन्यांनी, २६ मे १९०८ रोजी, मस्जिद-ए-सुलेमान येथे तेलाचा फवारा उडाला, तो तटस्थ पट्ट्यात. विहीर खोदणारा रेनॉल्ड्स हा पूर्वी हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यात नोकरीला होता, आणि पहाऱ्याला लेफ्टनंट आर्नल्ड विल्सनच्या हाताखाली बंगाल लान्सर्सचे वीसेक हिंदी स्वार होते. डोंगराळ मुलखातील बख्तियारी खानांना कंपनीने आधीच तीन टक्के भाग कबूल केला होता. तेल शुद्ध करण्याचा कारखाना जेथे उभा राहायचा, त्या अबादान बेटासाठी १९०९ साली मोहम्मराच्या शेख खझलशी करार घडवून आणला, तो हिंदुस्थान सरकारचा आखातातील अधिकारी पर्सी कॉक्स याने. तेहरानच्या सरकारला हे सौदे मान्य नव्हते. पण मान्यता विचारतो कोण? एका देशात तीन घरमालक गाठून तिघांशी वेगवेगळे भाडे ठरवावे, तसा हा व्यवहार होता.

समेटाचा अर्थ मजलिसला १९११ साली पुरता उमगला. दोन्ही साम्राज्यांच्या बाहेरचा म्हणून मॉर्गन शुस्टर हा अमेरिकन गृहस्थ खजिनदार नेमण्यात आला. वसुलीची घडी बसवण्याचे त्याचे प्रयत्न उत्तरेतील रशियन हितसंबंधांना झोंबले. रशियाने निर्वाणीचा खलिता दिला आणि सैन्य आत आणले. पंधरा वर्षांपूर्वी अशा प्रसंगी ब्रिटिश वकिलातीने आकाशपाताळ एक केले असते. या वेळी परराष्ट्रमंत्री ग्रे याने रशियाची पाठराखण केली. शुस्टरला जावे लागले आणि डिसेंबरात मजलिसला कुलूप लागले.

पुढचे पाऊल चर्चिलने टाकले. आरमाराची जहाजे कोळशाऐवजी तेलावर चालवायची, तर तेलाचा झरा ताब्यात हवा, म्हणून १९०९ साली स्थापन झालेल्या अँग्लो-पर्शियन कंपनीत ब्रिटिश सरकारने २२ लाख पौंड घालून निम्म्याहून अधिक मालकी घेतली. १७ जून १९१४ रोजी कॉमन्स सभेने २५४ विरुद्ध १८ मतांनी ते मान्य केले. शाहने सनद दिली होती एका व्यापाऱ्याला. आता समोर उभे होते एक साम्राज्य. तटस्थ पट्ट्याचा उरलासुरला संकोचही मार्च १९१५ मध्ये संपला. इस्तंबूलवरील झारचा हक्क ब्रिटनने गुप्तपणे मान्य केला आणि बदल्यात तेलविहिरींसह तो पट्टा ब्रिटनच्या प्रभावाखाली गेला. तुर्कांच्या राजधानीची किंमत इराणी जमिनीत चुकवण्याचा हा हिशेब इराणला विचारून झाला नव्हता, हे सांगावयास नकोच.

शेजारच्या तुर्की साम्राज्यात, मोसुल आणि बगदादच्या तेलासाठी, हेच नाट्य जर्मनीला घेऊन झाले. डॉइच बँक आणि ब्रिटिश कंपन्या वर्षानुवर्षे सुलतानाच्या दरवाजात एकमेकींना अडवीत होत्या. मार्च १९१४ मध्ये त्यांनी ‘टर्किश पेट्रोलियम कंपनी’त हिस्से वाटून घेतले: निम्मा अँग्लो-पर्शियनच्या गटाला, पाव डॉइच बँकेला, पाव शेलला; मध्यस्थ गुल्बेंकियनची पाच टक्के दलाली दोन्ही ब्रिटिश बाजूंच्या वाट्यातून. गिऱ्हाइकांचे एकमत होताच वजिराने आश्वासनाचे पत्र दिले. त्यावरील तारीख २८ जून १९१४, म्हणजे सारायेव्होत आर्चड्यूकचा खून पडला तोच दिवस. नोव्हेंबरात फावच्या किनाऱ्यावर जी फौज उतरली, ती मुंबईहून निघालेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनची ब्रिगेड होती आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. अबादानचा कारखाना राखणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक. पुढे बगदादच्या मोहात ही डिव्हिजन कूत-अल-अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्यांत तीन मराठा पलटणींचे जवान होते. मोसुलच्या तेलात कोणाचा किती हिस्सा, हे त्यांना कोणी सांगितले असण्याचा संभव नाही.

युद्धानंतर एप्रिल १९२० मध्ये सान रेमो येथे जर्मनीचा पाव हिस्सा फ्रान्सला मिळाला. अमेरिकेने ‘खुल्या दरवाजा’चा पुकारा केला, तो तिच्या कंपन्यांना आत घेईपर्यंत. इराणनेही त्याच सुमारास तिसरे गिऱ्हाईक शोधून पाहिले. नोव्हेंबर १९२१ मध्ये मजलिसने ते वगळलेले उत्तरेचे प्रांत न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलला देऊ केले. ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया दोघेही खवळले, आणि थोड्याच महिन्यांत स्टँडर्डने अँग्लो-पर्शियनशीच भागीदारी ठरवली. मजलिसने ती नाकारली. मग सिंक्लेअर नावाची दुसरी अमेरिकन कंपनी आली. तिचाही बेत १९२४ साली फिसकटला.

जुलै १९२८ मध्ये ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकन कंपन्यांनी पूर्वीच्या तुर्की साम्राज्याभोवती नकाशावर तांबडी रेघ ओढून तिच्या आत परस्परांशी स्पर्धा न करण्याचे ठरवले. सप्टेंबरात शेल, अँग्लो-पर्शियन आणि स्टँडर्डचे प्रमुख स्कॉटलंडमधील आक्नाकॅरी किल्ल्यात जमले आणि जगाच्या बाजारातील आपापले वाटे आहेत तसेच ठेवण्याचा समझोता झाला. १९३० साली कंपनीकडून इराणला सुमारे १२ लाख ८८ हजार पौंड मिळाले होते. मंदी आली आणि १९३१ साली ती रक्कम सुमारे ३ लाख ७ हजारांवर घसरली. संतापलेल्या रझा शाहने नोव्हेंबर १९३२ मध्ये डार्सीची सनद रद्द केली. ब्रिटनने तक्रार राष्ट्रसंघापुढे नेली. या वेळी शाहच्या दारात दुसरे कोणी उभे नव्हते. एप्रिल १९३३ मध्ये नवा करार झाला; सनदेचे क्षेत्र घटून १ लाख चौरस मैलांवर आले आणि टनावर ठरावीक रक्कम मिळू लागली. मूळ सनद १९६१ साली संपायची होती. नव्या कराराने तिची मुदत १९९३ पर्यंत वाढवली.