काळे ऑइल आणि खिशातला फडका

दिवाळीनंतर सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की सोमेश्वरनगरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्यांची वर्दळ वाढते. याच गर्दीतून वाट काढत जुन्या पिकअप धावत असतात. पहाटे दुधाचे कॅन, दुपारी खताची पोती, संध्याकाळी दुरुस्तीला न्यायचा मोटारपंप. हंगामात गाडी एक दिवस उभी ठेवणेही परवडत नाही. त्यामुळे इंजिन ऑइल बदलायचे राहून जाते. नाहीतर रविवारी घरासमोरच, गाडीखाली पाठीवर झोपून तासाभरात काम उरकले जाते. मग हात डिझेलने धुवायचे, फडका पँटच्या खिशात कोंबायचा आणि निघालेले काळे ऑइल बांधावर ओतायचे.

या तासाभरात इंजिनाचे आयुष्य वाढते, हे खरे. पण इंजिनाने जी घाण बाहेर टाकली, ती माणसाच्या अंगावर आणि पाण्यात जाऊ नये, हाही त्याच कामाचा भाग आहे.

ऑइल काळे का होते?

इंजिन ऑइलचे काम फक्त वंगणाचे नाही. ते धातूच्या भागांमधले घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, काजळी स्वतःमध्ये धरून ठेवते आणि जळणातून तयार होणारी आम्ले निष्प्रभ करते. डिझेल इंजिनात नवे ऑइल टाकल्यावर थोड्याच दिवसांत ते काळे दिसू लागते. त्याचा अर्थ ऑइल खराब निघाले असा नाही. काजळी इंजिनाच्या भिंतीवर चिकटू न देण्याचे काम ते करत आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून केवळ रंगावरून ऑइल कधी बदलायचे ते ठरवता येत नाही.

जुन्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. जळालेले वायू, काजळी आणि थोडे न जळलेले डिझेल त्यांच्या फटीतून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते. त्यामुळे जुन्या गाडीचे ऑइल नव्या गाडीपेक्षा लवकर थकते.

कोणते ऑइल, किती दिवसांनी?

पहिला आधार गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेचा. अनेक जुन्या डिझेल पिकअपना १५डब्ल्यू-४० दर्जाचे ऑइल सांगितलेले असते. यातील ‘१५डब्ल्यू’ हा थंडीतल्या वागणुकीचा निर्देश आहे आणि ‘४०’ हा इंजिन तापल्यावर ऑइल किती दाट राहते याचा. डब्यावर दुसरीही एक खूण असते : सीएच-४, सीआय-४, सीके-४. यातील ‘सी’ ही डिझेल इंजिनांच्या ऑइलची मालिका असून पुढचे अक्षर जितके नंतरचे, तितका दर्जा अलीकडचा. साधारणपणे जुन्या इंजिनाला नंतरच्या दर्जाचे ऑइल चालते. नव्या इंजिनाला आधीच्या दर्जाचे घालू नये.

इंजिन ऑइल पिते म्हणून जास्त दाट ऑइल घालण्याची युक्ती अनेक जण करतात. त्याने निळा धूर काही काळ कमी दिसतो. झीज भरून येत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे, काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. दोन्ही धूर श्वासावाटे शरीरात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नये, याचे हे एक कारण. कार्बन मोनॉक्साइड हे दुसरे. त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत ते कळतही नाही.

ऑइल बदलण्याचे अंतर पुस्तिकेत किलोमीटरमध्ये दिलेले असते. पण काट्यासमोर रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी किलोमीटर वाढवत नाही, ऑइल मात्र थकवते. धुळीचे पाणंद रस्ते, जादा ओझे, दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या हा सगळा कष्टाचा वापर समजला जातो. अशा गाडीचे ऑइल नेहमीच्या अंतराच्या आधी बदलावे, सोबत फिल्टरही बदलावा. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा बदल हवाच. मधल्या काळात आठवड्यातून एकदा, सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी गेज काढून पातळी पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले आहे. न भरताच पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळत आहे. दोन्ही वेळा नुसते ऑइल बदलून भागत नाही, मेकॅनिकला दाखवावे.

मँचेस्टरचे गिरणी कामगार

आता माणसाकडे वळू. इंग्लंडमधील मँचेस्टर परिसरातल्या सूतगिरण्यांत कामगार यंत्राच्या दांड्यावर वाकून काम करत. चात्यांमधून उडणारे खनिज तेल त्यांच्या पँटमध्ये मांड्यांच्या सांध्यापाशी मुरत असे, वर्षानुवर्षे. या कामगारांना वृषणाच्या पिशवीच्या त्वचेचा कर्करोग होत असल्याचे साउदम आणि विल्सन या डॉक्टरांनी १९२२ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले. तेलाशी संबंध आल्यापासून आजार दिसेपर्यंत कित्येक वर्षे, अनेकदा दशके गेलेली असत. पुढे १९५३ मध्ये तिथे शुद्ध केलेले तेल वापरण्याचे आणि कामगारांच्या नियमित तपासणीचे नियम झाले.

आजचे नवे इंजिन ऑइल त्या काळच्या तेलापेक्षा पुष्कळ शुद्ध असते. प्रश्न वापरलेल्या ऑइलचा आहे. इंधन जळताना तयार होणारी कर्करोगकारक संयुगे आणि झिजलेल्या धातूंचे कण त्यात साठत जातात. पेट्रोल इंजिनाचे वापरलेले ऑइल वारंवार त्वचेवर लावलेल्या उंदरांमध्ये त्वचेच्या गाठी आढळल्या आहेत. वर्षातून दोनदा स्वतःच्या गाडीचे ऑइल बदलणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका आहे तो रोज, वर्षानुवर्षे, तासन् तास ज्याच्या अंगाला हे ऑइल लागून राहते त्याला. म्हणजे मेकॅनिकला आणि त्याच्या हाताखाली काम शिकणाऱ्या पोराला.

म्हणून तो खिशातला फडका महत्त्वाचा. ऑइलने भिजलेला बोळा दिवसभर मांडीला चिकटून राहिला, की गिरणी कामगाराच्या पँटची गोष्ट पुन्हा घडते. त्याआधी दिसणारी लक्षणे साधी असतात : मांड्यांवर आणि हाताच्या मागच्या बाजूला काळ्या टोकाच्या पुळ्या, केसांच्या मुळाशी फोड. तो ‘उष्णतेचा’ त्रास समजून सोडून दिला जातो. ऑइलने माखलेले कपडे बदलल्याशिवाय तो जात नाही.

डिझेल-पेट्रोलने हात धुण्याची सवयही मोडायला हवी. त्याने ऑइल निघते, पण त्वचेचा स्वतःचा स्निग्ध थरही धुऊन जातो. त्वचा कोरडी पडते, भेगाळते आणि त्या भेगांतून पुढचे ऑइल आत शिरते. थोडे खोबरेल चोळून ऑइल सैल करावे, पुसून घ्यावे, मग साबण-पाण्याने धुवावे. त्याहून बरे म्हणजे सुरुवातीलाच नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

गाडीखाली जाताना

ऑइल कोमट असावे, उकळते नाही. नट निघताच तापलेली धार थेट मनगटावर येते. भाजल्यास वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. खाली भक्कम स्टँड आणि चाकांना ओटण हवेच.

सर्व्हिसिंगमध्ये ग्रीस गनही वापरली जाते. तिच्या दाबाने ग्रीस बोटात घुसले तर सुरुवातीला टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, वेदनाही फार नसते. पण आतून बोट सडू शकते. ही शस्त्रक्रियेची तातडी आहे. त्याच तासात रुग्णालय गाठावे. नळीने तोंडाने ओढताना डिझेल पोटात गेले तर उलटी करवू नये. उलटीतले डिझेल फुप्फुसात उतरते आणि खरा घात तिथे होतो.

बांधावर नाही

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते एका वेळच्या ऑइल बदलातून निघालेले ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी खराब करू शकते. सोमेश्वरनगरच्या परिसरातील शेती नीरा डाव्या कालव्यावर आणि त्याच्या पाझराने भरणाऱ्या विहिरींवर उभी आहे. बांधावर ओतलेले ऑइल पावसाबरोबर ओढ्याला आणि विहिरीला मिळते. वाळवी लागू नये म्हणून खांबांना ते फासणे, खरूज झालेल्या कुत्र्याला किंवा जनावराच्या जखमेला चोपडणे, हेही थांबायला हवे. जनावर ते चाटते आणि विष पोटात जाते.

२०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे. ते शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण बनवता येते. म्हणून झाकणाच्या कॅनमध्ये, पाणी किंवा डिझेल न मिसळता साठवावे आणि ऑइल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. कॅनवर नाव लिहावे आणि ते मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको.

हे लक्षात ठेवा

हाताच्या किंवा मांडीच्या त्वचेवर चामखिळीसारखी वाढ, महिनाभर न भरणारी जखम किंवा वृषणाच्या पिशवीवर गाठ दिसली, तर लाजेपोटी लपवू नका. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. आपण गाड्यांचे काम करतो आणि किती वर्षे करतो, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. लवकर सापडलेला त्वचेचा कर्करोग बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो.