दोन ग्राफिक्स कार्डं, एक पॉवर सप्लाय आणि भिंतीतलं सॉकेट

पॉवर सप्लायच्या खोक्यावर १००० किंवा १६०० वॉट असा ठळक आकडा छापलेला असतो. गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं बसवायची म्हटली, की बरेच जण खिशाला परवडेल तो सर्वांत मोठा आकडा उचलतात. खरं तर हिशेब कार्डांपासून सुरू करायचा असतो आणि तो संपतो भिंतीतल्या सॉकेटपाशी. अमेरिकेत राहणाऱ्यांना हे शेवटचं टोक विसरून चालत नाही.

उदाहरणासाठी एनव्हिडियाचं २०२० सालचं आरटीएक्स ३०९० घेऊ. अशी दोन कार्डं एकमेकांना जोडता येतात. (मात्र तुमचा गेम दुसरं कार्ड वापरतो का, ते आधी बघा, बरेच नवे गेम वापरत नाहीत.) एका कार्डाला ३५० वॉट, म्हणजे दोघांना ७००. जोरात चालणाऱ्या प्रोसेसरला २०० आणि मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे यांना मिळून १०० धरले, की बेरीज झाली १००० वॉट.

मग १००० वॉटचा पॉवर सप्लाय पुरेल? नाही. ३५० वॉट ही सरासरी आहे. सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरती कार्डाची मागणी याच्या बरीच वर उसळते. दोन्ही कार्डं एकदम उसळली, तर पॉवर सप्लायमधलं संरक्षक सर्किट सगळं बंद करतं. गेम ऐन रंगात असताना कॉम्प्युटर बंद पडतो आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात असे क्षणिक झटके सोसण्याची अट आहे. त्या मानकाचा, साधारण १३०० वॉटचा पॉवर सप्लाय इथे योग्य ठरेल.

लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअरही वाचा. कार्डं आणि प्रोसेसर यांची जवळजवळ सगळी वीज तिथूनच येते. १३०० वॉटच्या पॉवर सप्लायमध्ये तिथे साधारण १०८ अँपिअर दिसायला हवेत. आकडा फारच कमी असेल, तर खोक्यावरचा १३०० फुगवलेला आहे.

आता केबल्स. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॉट देतो आणि आठ पिनांची प्रत्येक जोडणी १५०. म्हणजे दोन जोडण्या असलेल्या कार्डाला ३७५ वॉटपर्यंत मिळू शकतात. एकाच केबलची दोन तोंडं कार्डाला लावण्यापेक्षा प्रत्येक जोडणीला स्वतंत्र केबल वापरा. दोन कार्डांसाठी अशा चार केबल्स लागतील. जुन्या पॉवर सप्लायच्या केबल्स नव्याला लावू नका. तोंड बसलं तरी आतला पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग डिस्क किंवा मदरबोर्ड जळतो.

शेवटी सॉकेट. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ८८ टक्के धरली, तर आत १००० वॉट पोचवायला तो भिंतीतून सुमारे ११४० वॉट खेचतो. अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर हे झाले साडेनऊ अँपिअर. बेडरूमचा ब्रेकर बहुधा १५ अँपिअरचा, म्हणजे १८०० वॉटचा असतो. त्यातही तासन् तास चालणारा भार ८० टक्क्यांच्या, म्हणजे १४४० वॉटच्या आत ठेवावा. खोलीतली बरीच सॉकेटं एकाच ब्रेकरवर असतात. त्यांपैकी एकाला १५०० वॉटचा हीटर लावला, तर एकूण २२ अँपिअर होतात आणि ब्रेकर पडणारच. '८० प्लस गोल्ड' दर्जाच्या १६०० वॉटच्या पॉवर सप्लायमधून पूर्ण ताकद घेतली, तर तो एकटाच १८०० वॉटच्या वर जाऊ शकतो. म्हणजे त्याहून मोठा घेऊन या सॉकेटवर काहीच फायदा नाही.

इंग्लंडमध्ये किंवा भारतात २३० व्होल्टवर हाच कॉम्प्युटर जेमतेम पाच अँपिअर घेतो. पण भारतातलं लहान सॉकेट सहा अँपिअरचंच असतं, म्हणून तिथे १६ अँपिअरचं वापरा. कॉम्प्युटर पुण्याला न्यायचा असेल, तर लेबलवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय ना, एवढं बघून घ्या. जुन्या पॉवर सप्लायला मागे छोटं लाल बटण असतं. ते ११५ वर ठेवून २३० व्होल्टला जोडलं, तर पॉवर सप्लाय तिथल्या तिथे जळतो.

आणि हो, भिंतीतून घेतलेले ते ११४० वॉट शेवटी उष्णता होऊनच खोलीत पसरतात. गेम चालू असताना हीटरची गरज बहुधा पडणार नाही.