‘ऑनलाइन शिकलेल्या’ सर्जनकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

हर्निया, पित्ताशयातले खडे, थायरॉईडची गाठ असे काही निघाले की मी रुग्णाला सर्जनकडे पाठवतो. चिठ्ठी हातात पडली की पूर्वी एकच प्रश्न यायचा, “खर्च किती येईल?” गेल्या दोन-चार वर्षांत त्याला आणखी एका प्रश्नाची जोड मिळाली आहे. तो जरा दबक्या आवाजात विचारला जातो. “डॉक्टर, हे सर्जन तरुण दिसतात. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शिकलेले तर नाहीत ना?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाळेतल्या मुलांचे ऑनलाइन शिक्षण आपण घरोघरी पाहिले आहे. मोबाईलवर बाई शिकवताहेत आणि चिरंजीव पांघरुणात, असे ते दृश्य होते. पोटावर सुरी चालवणाऱ्याचे शिक्षणही तसेच झाले असेल, तर भीती वाटणारच. म्हणून त्या काळात सर्जनच्या शिक्षणाचे काय झाले, ते आज समजून घेऊ.

सर्जन घडतो कसा?

एम.बी.बी.एस. झाल्यानंतर जनरल सर्जरीची एम.एस. ही पदवी तीन वर्षांची असते. या काळात विद्यार्थी रात्रंदिवस रुग्णालयातच असतो, म्हणून त्याला निवासी डॉक्टर म्हणतात. ही पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजवली. सुरुवातीला ड्रेसिंग करायचे, रुग्णाची माहिती लिहायची आणि शस्त्रक्रिया चालू असताना जखमेच्या कडा ओढून धरायच्या. मग कातडीचे टाके घालायला मिळतात. पुढे अपेंडिक्स, हर्निया अशा शस्त्रक्रिया, पण समोर वरिष्ठ उभे. केलेल्या प्रत्येक कामाची लॉगबुकात नोंद ठेवावी लागते.

थोडक्यात, सर्जनला तीन गोष्टी शिकायच्या असतात. पहिली माहिती, दुसरी निर्णय म्हणजे कधी कापायचे आणि कधी नाही, आणि तिसरी हाताचे कसब. महासाथीचा फटका बसला तो मुख्यतः तिसऱ्या गोष्टीला.

शस्त्रक्रिया का थांबल्या?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात, असा सल्ला केंद्र सरकारने त्याच महिन्यात रुग्णालयांना दिला. खाटा, भूलतज्ज्ञ आणि व्हेंटिलेटर कोरोनाच्या रुग्णांसाठी हवे होते. शिवाय शस्त्रक्रियेच्या सुमारास कोरोना झालेल्या रुग्णाला मोठा धोका होता. २४ देशांतील अशा १,१२८ रुग्णांची पाहणी मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांत तातडीच्या शस्त्रक्रिया जास्त होत्या हे खरे, तरी ३० दिवसांत २३.८ टक्के रुग्ण दगावले होते. हा आकडा वाचून कोणता सर्जन हर्नियाची यादी चालू ठेवील?

सर्वाधिक अडचणीच्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मांडला गेला. भारताचा वाटा ५ लाख ८० हजारांहून अधिक होता. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया म्हणजे एक ताटकळलेला रुग्ण, आणि कोणा शिकाऊ सर्जनचा हुकलेला धडाही. त्याच वेळी सर्जरीचे निवासी डॉक्टर पीपीई किट घालून कोरोना वॉर्डात ऑक्सिजन तपासत होते. २०२१ मध्ये दुसरी लाट आली. पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा पुढे गेली, ती ११ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. नवी तुकडी येईपर्यंत शेवटच्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांनी काम चालू ठेवावे, असे सरकारने सांगितले.

पडद्याने काय दिले?

शस्त्रक्रियागृह बंद पडले तेव्हा वर्ग संगणकावर आले. सकाळी रुग्णांच्या एक्स-रेंवर चर्चा, संध्याकाळी व्याख्यान, रात्री शस्त्रक्रियेची चित्रफीत, असा क्रम झाला. याचे फायदेही झाले. एरवी परिषदेला जाण्यासाठी प्रवासखर्च जमवावा लागणाऱ्या लहान शहरातल्या निवासी डॉक्टरला नामवंत शिक्षकांना घरबसल्या ऐकता आले. भरल्या वर्गात हात वर करायला लाजणाऱ्याला प्रश्न टाईप करून विचारता आला.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर चित्रफितीचा उपयोग विशेष आहे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला बहुधा सरांची पाठच दिसते. दुर्बिणीत सर्जन स्वतःच पडद्याकडे पाहून काम करतो. त्याला जे दिसते तेच विद्यार्थ्यालाही दिसते, आणि हवे तिथे थांबवून पुन्हा पाहता येते. पित्ताशय काढताना एक नियम पाळायचा असतो. पित्ताशयात जाणारी नळी आणि रक्तवाहिनी, एवढ्या दोनच गोष्टी स्पष्ट दिसल्याखेरीज काहीही कापायचे नाही. नाहीतर मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचा धोका असतो आणि रुग्णाला पुढे कावीळ, जंतुसंसर्ग, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया असे भोग येतात. कुठे थांबायचे, हे ओळखायला डोळा चित्रफितीवर चांगला तयार होतो.

पडद्याला काय जमत नाही?

टाका किती आवळायचा, हे पाहून कळत नाही. सैल राहिला तर गळतो, फार आवळला तर कड मरते. सुजलेले आतडे चिमट्यात किती हलके धरायचे, हे बोटांनाच कळते. अचानक रक्ताची चिळकांडी उडाल्यावर न घाबरता बोटाने दाबून धरायचे आणि वरिष्ठांना हाक मारायची, हे खुर्चीत बसून अंगवळणी पडत नाही. दुर्बिणीच्या लांब हत्याराचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ते होडीच्या वल्ह्यासारखे चालते. मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे जाते. डोक्याला हे एका मिनिटात समजते, हाताला समजायला कित्येक दिवस लागतात.

ही अडचण कोरोनाने नव्याने आणलेली नाही. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली. तेव्हा जगभरचे अनुभवी सर्जनही हे तंत्र नव्याने शिकत होते. अनेक देशांत थोड्या दिवसांच्या शिबिरांवर भागवले गेले आणि त्या सुरुवातीच्या वर्षांत पित्तनलिकेच्या इजा वाढल्या. पाहणे पुरत नाही, रुग्णाला हात लावण्याआधी सराव हवा, हा धडा तेव्हा मिळाला. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांना संगणकीय सराव-यंत्रावर आधी हात बसवू दिला. त्यांनी पित्ताशय सुटे करण्याचे काम २९ टक्के लवकर केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याचे किंवा भलती जागा भाजण्याचे प्रमाण पाचपट होते.

आपल्याला हे सुश्रुतापासून माहीत आहे. शिष्याने छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा, शीर टोचण्याचा कमळाच्या देठावर आणि टाके घालण्याचा कापडावर, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. टाळेबंदीत अनेक शिकाऊ सर्जननी नेमके हेच केले. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडायची, आत मोबाईलचा कॅमेरा लावायचा आणि लांब चिमट्याने दाणे या वाटीतून त्या वाटीत टाकायचे. केळ्याच्या सालीवर टाके घालायचे, खुर्चीच्या दांडीला दोऱ्याच्या गाठी मारायच्या. असा सराव स्वस्त आणि उपयोगी आहे, पण ती तयारीच. खरे कसब वरिष्ठांच्या नजरेखाली रुग्णावर काम करतानाच येते.

मग रुग्णाने काय करावे?

त्या काळातील निवासी डॉक्टर आता पदवी घेऊन बाहेर पडले आहेत. त्यांपैकी अनेकांनी नंतर वरिष्ठांच्या हाताखाली राहिलेला सराव भरून काढला. कोणी किती भरून काढला, हे पदवीच्या वर्षावरून कळत नाही. विचारल्यावर कळते. म्हणून सर्जन तरुण असोत वा पिकल्या केसांचे, ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी पुढील प्रश्न नम्रपणे जरूर विचारा.

१. ही शस्त्रक्रिया आपण स्वतः किती वेळा केली आहे?
२. दुर्बिणीतून की पोट उघडून? माझ्यासाठी तीच पद्धत का?
३. अडचण आली तर मदतीला अनुभवी सर्जन येऊ शकतील का?
४. रक्ताची आणि अतिदक्षता विभागाची सोय इथे आहे का? नसेल तर कुठे हलवाल?

चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया सुरक्षिततेसाठी मध्येच पोट उघडून पूर्ण करावी लागली, तर त्याला अपयश समजू नका. तो बहुधा शहाणपणाचा निर्णय असतो.

आपल्या शस्त्रक्रियेचे चित्रीकरण शिकवण्यासाठी होणार असेल, तर त्याचीही चौकशी करा. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र वा माहिती त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात. चेहरा आणि नाव दिसणार नसेल, तर परवानगी द्यायला हरकत नाही. त्यातून पुढचा सर्जन शिकतो.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. ही चौकशी सवडीच्या शस्त्रक्रियेसाठी आहे. हर्नियाची गाठ एकाएकी कडक झाली, आत जाईनाशी झाली, दुखू लागली आणि उलट्या सुरू झाल्या. किंवा पोट उजवीकडे खाली दुखून ताप आला. तर “आधी मुंबई-पुण्याचा सर्जन बघू” म्हणून दिवस घालवू नका. अडकलेले आतडे काही तासांत काळे पडू शकते. त्या वेळी जवळच्या सर्जनकडे त्याच दिवशी पोहोचा, मग त्यांची पदवी कोणत्याही वर्षाची असो.