सपाट रानातील सायकलवाट

नागपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर वसले आहे. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती आणि पश्चिमेकडील सेमिनरी हिल्स सोडल्या, तर शहराच्या आसपास डोंगर म्हणावा असे काही नाही. पुण्याच्या तरुणाला पहाटे उठून सिंहगडाचा घाट सायकलने चढता येतो. नागपूरच्या तरुणाच्या वाट्याला ते भाग्य आलेले नाही. डोंगरातील कच्च्या वाटांसाठी बनविलेल्या जाड टायरच्या, गिअरच्या सायकली गेल्या काही वर्षांत नागपुरातही मोठ्या संख्येने दिसू लागल्या आहेत. त्या चालवावयाच्या कोठे, हा प्रश्न मात्र त्या विकत घेणाऱ्यांपुढे उभा राहतोच.

त्याचे एक उत्तर शहराच्या पश्चिम सीमेवर आहे. हिंगणा मार्गाकडील अंबाझरीचे आणि काटोल मार्गावरील गोरेवाड्याचे जैवविविधता उद्यान ही दोन्ही नावे आता नागपूरकरांच्या परिचयाची झाली आहेत. गोरेवाड्याच्या वनक्षेत्रात २६ जानेवारी २०२१ रोजी आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानातील भारतीय सफारीचे उद्घाटन झाले. ती सफारी बसमधून करावयाची; जैवविविधता उद्यानातील वाटा तिच्याहून वेगळ्या. या उद्यानांत तिकीट घेऊन, ठराविक वेळेत, आखून दिलेल्या वाटेनेच पायी किंवा सायकलने फिरता येते. वाटा बव्हंशी सपाट आहेत. त्यामुळे सायकलीच्या हौशी मंडळींकडून दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. चढउतार नसेल तर डोंगरी सायकलीचा उपयोग काय, हा पहिला; आणि हवे तेव्हा जाता येत नाही, हवे तिकडे वळता येत नाही, मग त्या रानात मौज ती कसली, हा दुसरा. दोन्ही आक्षेप सर्वस्वी निराधार नाहीत. तथापि अशा वाटा आखणे, त्यांवर खर्च करणे व त्या राखणे ही कामे वनाधिकारी, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांच्याकडे येतात. म्हणून या आक्षेपांचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे.

जाळरेषेवरचा खेळ

डोंगरी सायकलीचा खेळ जन्मास आला तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्याच्या टेकड्यांमध्ये. तेथील काही तरुण १९३०-४० च्या सुमारासच्या जुन्या, जाड टायरच्या, एकाच गतीच्या सायकली डोंगरावर नेत आणि तेथून वेगाने खाली सोडीत. १९७६ मध्ये त्यांनी याची शर्यतच सुरू केली. साधारण तीन किलोमीटरांत चारशे मीटर उतरणारी ती वाट होती. उतारावर ब्रेक इतके तापत की मागच्या चाकाच्या तुंब्यातील ग्रीस जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. यावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, असे नाव पडले. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, जो ब्रीझ याने खास या कामासाठी सायकलीचा सांगाडा तयार केला आणि डोंगरी सायकल हा वेगळा प्रकार रूढ झाला.

या इतिहासातील एक तपशील आपल्याकडे सहसा सांगितला जात नाही. ज्या वाटेवर हा खेळ सुरू झाला ती मुळात वणवा रोखण्यासाठी आणि विझवणाऱ्यांना आत पोहोचता यावे यासाठी काढलेली कच्ची वाट होती. आपल्या वनखात्याच्या भाषेत अशाच कामासाठी काढलेल्या मोकळ्या पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. विदर्भातील प्रत्येक वनपरिक्षेत्रात उन्हाळ्यापूर्वी त्या साफ केल्या जातात. सायकलवाटेसाठी नवे झाड तोडण्याची अथवा नवी जमीन उकरण्याची गरज बहुतेक ठिकाणी का पडत नाही, याचे उत्तर येथेच मिळते.

सपाटीवरचे श्रम

आता उंचीचा आक्षेप. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीच्या शर्यतीचा प्रथमच समावेश झाला. पुरुषांचे पहिले सुवर्णपदक पटकावले ते नेदरलँड्सच्या बार्ट ब्रेंटयेन्स याने. त्याच्या देशाचा युरोपातील सर्वांत उंच माथा आहे अवघा ३२२ मीटरांचा, म्हणजे नागपूरच्या रस्त्यांहून फार तर बारा मीटर अधिक! २०१६ मध्ये महिलांचे जागतिक विजेतेपद मिळविणारी अनिका लांगवाद ही डेन्मार्कची. तो देश तर याहूनही ठेंगणा आहे. हे खेळाडू सरावासाठी परदेशच्या डोंगरांतही जात असणार, हे उघड आहे. परंतु सपाट देशात या खेळाची आवड रुजू शकते आणि पहिले धडे तेथेच गिरवता येतात, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

यामागचे कारण साधे आहे. उतारावर सायकल आपोआप धावते व स्वाराचे पाय विसावतात. सपाटीवर पायडल थांबले की सायकलही थांबते. सैल मुरुमावर किंवा भेगाळलेल्या काळ्या मातीवर चाकाला होणारा विरोध डांबरी सडकेपेक्षा पुष्कळच जास्त असतो. वाट वळणावळणाची असली की प्रत्येक वळणावर वेग कमी करावा लागतो आणि पुन्हा जोर लावून तो मिळवावा लागतो. अशा वाटेवरचे दहा किलोमीटर सडकेवरच्या दहा किलोमीटरांपेक्षा कितीतरी अधिक दमवतात. अंगाचा तोल कसा सांभाळावा, वळणात शिरण्यापूर्वी ब्रेक कधी लावावा, मुळावरून किंवा धोंड्यावरून चाक उचलून कसे न्यावे, हे सगळे सपाट वाटेवर शिकता येते. नवशिक्या पडलाच तर वेग कमी असल्याने गुडघे खरचटण्यावर निभावते. शाळेतील मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे.

विदर्भाच्या पानझडी रानाची स्वतःची काही परीक्षा असते, तीही येथेच द्यावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची परातीएवढी पाने वाटेवर पडतात आणि त्यांखालचा दगड दिसत नाही. बाभळीचा आणि बोरीचा काटा जाड टायरलाही जुमानत नाही. पंक्चरचे सामान व हवेचा पंप जवळ न ठेवता आत शिरणारा स्वार परतताना हमखास सायकल हाती धरून चालत येतो. सैल मुरुमावर टायरमधील हवा थोडी कमी ठेवली तर पकड चांगली मिळते, पण फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब फाटते. हे प्रमाण ज्याचे त्याने अनुभवानेच ठरवावयाचे असते.

काही गोष्टी मात्र सपाटीवर शिकता येत नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अर्धा-पाऊण तास सलग चढणे आणि लांब उतारावर ब्रेक न तापवता उतरणे यांसाठी डोंगरच हवा. ज्यांना ते साधावयाचे असेल त्यांनी सातपुड्याची वाट धरावी. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदरा विदर्भातच आहे.

बंधने कशासाठी

शहराला लागून एवढी मोठी झाडी कशी टिकली, हे पाहिले म्हणजे बंधनांचा अर्थ कळतो. अंबाझरी आणि गोरेवाडा हे दोन्ही तलाव नागपूरच्या पाणीपुरवठ्याशी निगडित. अंबाझरीचा तलाव १८७० च्या सुमाराचा, गोरेवाड्याचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा. त्यांच्या भोवतालची जमीन मोकळी ठेवणे शहराच्या गरजेचे होते आणि वाढत्या वस्तीच्या रेट्यातही ती बऱ्याच अंशी मोकळी राहिली. ज्या बंधनांबद्दल आज तक्रार होते, तशाच बंधनांमुळे सायकल चालविण्यासारखे रान शिल्लक राहिले आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना प्रवेश हा अपराध आहे. जैवविविधता उद्यानाचे तिकीट ही त्या दृष्टीने एक सवलतच म्हणावी लागेल.

दुसरे कारण वन्यप्राण्यांचे. गोरेवाड्यात चितळ, नीलगाय, रानडुक्कर यांच्याबरोबर बिबट्याचाही वावर आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात एक बिबट्या थेट शहरातील आयटी पार्क परिसराच्या वस्तीत दिसल्याने किती धावपळ उडाली होती, हे नागपूरकरांना आठवत असेल. पायी चालणाऱ्याची चाहूल प्राण्याला दुरून लागते व तो बाजूला होतो. सायकल आवाज न करता आणि वेगाने येते, त्यामुळे वळणावर दोघांची एकाएकी गाठ पडण्याचा संभव असतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या मोन्टाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या लगत, एक सायकलस्वार अशाच आंधळ्या वळणावर अस्वलावर आदळला आणि मृत्युमुखी पडला. तो तेथील वनसेवेतच नोकरीला होता, म्हणजे रानाचा अनोळखी नव्हता. पहाटेच्या अंधारात व संध्याकाळी उशिरा प्रवेश न देणे, वळणांवर वेग कमी करण्याच्या सूचना लावणे, घंटी वाजवीत जाणे, वळणालगतची झुडपे छाटून पुढची वाट दिसेल असे करणे, या साध्या गोष्टींचे मोल अशा वेळी कळते.

जेथे अशी व्यवस्था वेळीच झाली नाही तेथे काय घडले, याचा दाखलाही मरीन परगण्यातच आहे. १९८० च्या दशकात पायी फिरणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यात अरुंद वाटांवरून खटके उडू लागले व शेवटी अनेक पायवाटा सायकलींना बंद करण्यात आल्या. ज्या ठिकाणी हा खेळ जन्मला, तेथेच त्याला दार लावले गेले. नेदरलँड्समध्ये याउलट मार्ग अवलंबिण्यात आला. काही वनांत सायकलस्वार वार्षिक परवाना घेतात, त्यांच्यासाठी खुणा केलेल्या वेगळ्या वाटा असतात आणि परवान्याचा पैसा वाटांच्या देखभालीवर खर्च होतो.

वाटेची निगा

सायकलीच्या चाकांनी रानवाटांची धूप होते, ही भीती अनेकदा व्यक्त केली जाते. मोन्टानामध्येच यासंबंधी एक पाहणी झाली व तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. चाकांपेक्षा घोड्यांच्या खुरांनी व माणसांच्या पावलांनी अधिक माती सुटी होते, असे तीत आढळून आले. अर्थात ती पाहणी डोंगरातील वाटांची होती. सपाट वाटेचा शत्रू वेगळाच आहे, आणि तो म्हणजे साचलेले पाणी.

उतारावर पाणी वाहून जाते, त्याला फक्त वाटेवरून बाजूला वळवावे लागते. सपाटीवर ते जागच्या जागी थांबते. पश्चिम नागपूरची जमीन काळ्या कातळाची. उंचवट्यावर मुरुमाचा पातळ थर आणि खोलगट भागात काळी माती. वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एकदा का वाटेत डबके झाले की पहिला स्वार त्याच्या कडेने जातो, दुसरा त्याच्याही कडेने, आणि दीड हाताची वाट पावसाळा संपेपर्यंत बैलगाडीच्या रस्त्याएवढी रुंद होते. दोन्ही बाजूंचे गवत जाते ते जातेच. यावर उपाय आहेत आणि ते स्वस्तही आहेत. वाट आखतानाच ती खोलगट काळ्या मातीतून न नेता मुरुमाच्या उंचवट्यावरून न्यावी. खोलगट भाग टाळता येत नसेल तर तेवढ्याच तुकड्यात दगड आणि मुरुम भरून ती वीतभर उंच करावी व दोन्ही बाजूंना चर खणावेत. मधोमध किंचित फुगीर ठेवावी, म्हणजे पाणी कडेला उतरते.

याऐवजी जो उपाय अनेक ठिकाणी सहज सुचतो तो म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांचा. वाट रुंद करून, दोन्ही बाजूंना कड बांधून ठोकळे बसविले म्हणजे काम झाल्यासारखे दिसते. अंदाजपत्रक करणे सोपे, मोजमाप सोपे, उद्घाटनही सोपे. पण मग ती रानवाट उरत नाही, बागेतला रस्ता होतो. सायकलीला जे शिकवावयाचे ते मुरुम, मुळे आणि धोंडे शिकवितात. तेच काढून टाकल्यावर सपाटीवरचा आक्षेप खरोखरच खरा ठरतो. शिवाय वाट गुळगुळीत झाली की वेग वाढतो आणि पायी फिरणाऱ्या वृद्धांना व वन्यप्राण्यांना असलेला धोकाही वाढतो. रुंद वाटेवर काही दिवसांनी मोटारसायकली येतात, त्या थांबविण्यासाठी फाटके येतात, आणि खर्चाला अंत राहत नाही.

गावाकडील रानात

नागपूर जिल्ह्यात पारशिवनी, रामटेक यांसारख्या तालुक्यांत रानालगतची कितीतरी गावे आहेत. निसर्ग पर्यटनातून गावच्या तरुणांना काम मिळावे, या हेतूने सायकलवाटेचा विचार तेथील संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांपुढेही येऊ शकतो. वाटाड्या म्हणून सोबत जाणे, सायकली भाड्याने देणे व दुरुस्त करणे, न्याहारीची सोय करणे, ही कामे गावात राहून होण्याजोगी आहेत. मात्र अशा गावांत सायकल ही हौसेची वस्तू नाही. सायकलीवरून मुली याच रानकडेच्या रस्त्यांनी शाळा गाठतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचावयास बाया पहाटेच निघतात. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम असतो. सायकलस्वारांची वेळ नेमकी तीच. वाट राखीव करताना मोहफुले वेचणाऱ्यांची पायवाट बंद होता कामा नये, आणि हंगामाच्या त्या दिवसांत पाहुण्यांनी उशिरा यावे किंवा येऊच नये, असा ठराव ग्रामसभेने आधीच केलेला बरा. वणव्याचा काळ १५ फेब्रुवारीपासून सुरू होतो, तेव्हा काडेपेटी व विडी-सिगारेट फाटकावरच जमा करून घ्यावी लागेल.

पावसाळ्यात वाट बंद ठेवण्याबाबत तारखेचा आग्रह धरण्याचे कारण नाही. फाटकावरील रखवालदाराने सकाळी पन्नास पावले आत चालून यावे. टाचेला काळी माती चिकटून वर आली तर त्या दिवशी सायकली आत सोडू नयेत, आणि पायी येणाऱ्यांनाही मुरुमाच्या वाटेनेच पाठवावे.