कऱ्हाड : स्थळ, हवामान आणि नामरूप

एखाद्या गावाचा प्राचीन इतिहास लिहिताना राजवंशांच्या वंशावळी पुढे येतात आणि गाव मागे पडते. ज्या गावाला स्वतःची राजसत्ता फार थोडा काळ लाभली, त्याच्या बाबतीत तर हे हटकून घडते. अशा वेळी दोन साधने उपयोगी पडतात. एक म्हणजे गावाची भूमी व तेथील पाऊसपाणी; दुसरे म्हणजे गावाचे नाव. प्रस्तुत लेखात सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड या नगराचा विचार या दोन साधनांच्या आधारे करावयाचा आहे. कऱ्हाडच्या नावाची कोरीव लेखांतील नोंद दोन हजार वर्षांहून मागे जाते. त्यामुळे त्याच्या व्युत्पत्तीविषयी रूढ असलेल्या कल्पना ध्वनिनियमांच्या कसोटीवर घासून पाहता येतात. ही कसोटी केवळ शब्दकुतूहलापुरती नाही. एका समाजाविषयी प्रचलित झालेल्या निंदापर कथेचा निकालही तिच्यामुळे लागतो.

१. स्थान

कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्यांचा उगम महाबळेश्वराच्या पठारावर होतो; परंतु त्यांचे मार्ग भिन्न आहेत. कृष्णा वाईवरून खाली उतरते, साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णेला पोटात घेते आणि दक्षिणेकडे वाहत येते. कोयना मात्र सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशा खोल व अरुंद दरीतून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे जाते, हेळवाकजवळ जवळजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते व पाटणवरून कऱ्हाडास येते. दख्खनच्या बहुतेक नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेची वाट धरतात. कोयनेने प्रथम दक्षिणेची वाट धरणे हा म्हणूनच एक अपवाद होय.

कऱ्हाड येथे या दोन नद्या एकमेकींना समोरासमोर भेटतात आणि मग एकत्रित प्रवाह पूर्वेकडे वळतो. सामान्यतः उपनदी मुख्य नदीस तिरकी येऊन मिळते. येथील मीलन वेगळे असल्याने लोकांनी त्यास 'प्रीतिसंगम' हे नाव दिले आहे. नगर याच संगमाच्या आश्रयाने वसले. नैर्ऋत्येस जखिणवाडीजवळ आगाशिवाचा डोंगर आहे. पश्चिमेकडे कोयनेच्या दरीने वर गेल्यास कुंभार्ली घाट लागतो व तो चिपळुणाकडे उतरतो. उत्तरेस वाई-सातारा, पश्चिमेस कोकणपट्टी, दक्षिणेस कोल्हापूर आणि नदीच्या ओघाने खाली सांगली-मिरज, अशा चार दिशांच्या वाटा येथे एकत्र येतात. येथे व्यापारी पेठ उभी राहावी यात नवल नाही.

२. पाऊस, पाणी आणि माती

कऱ्हाडच्या हवामानाचे मर्म एका अंतरात सामावलेले आहे. महाबळेश्वरी वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कोयनेच्या वरच्या खोऱ्यातही तो पाच हजारांच्या आसपास असतो. तेथून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर पूर्वेस असलेल्या कऱ्हाडास मात्र सुमारे ७०० मिलिमीटरच पाऊस मिळतो. आणखी पूर्वेस माण, आटपाडी, जत या भागांत तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आपला भार टाकून पुढे कोरडे होत जातात, हे त्याचे कारण. त्यामुळे सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेस अतिवृष्टी आणि पूर्वेस अवर्षण असे एकच चित्र दिसते. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु ही सीमा उत्तर-दक्षिण विभागणारी आहे, पावसाची सीमा पूर्व-पश्चिम विभागणारी आहे. पहिली सीमा शासनाने आखली, दुसरी सह्याद्रीने.

कऱ्हाड या दोन टोकांच्या मध्ये आहे. अतिवृष्टीच्या प्रदेशात भूमी धुपते, वने दाट असतात आणि शेती डोंगरउतारांपुरती राहते. अवर्षणाच्या प्रदेशात पाण्याचा भरवसा नसतो. कऱ्हाडास पाऊस माफक पडतो, परंतु नदीचे पाणी महाबळेश्वर व कोयनाखोऱ्यातील पावसाचे असते. आकाशातून पडणारे पाणी एका हवामानाचे आणि पात्रातून वाहणारे दुसऱ्या हवामानाचे, अशी ही स्थिती आहे. त्यात नदीकाठच्या खोल काळ्या मातीची भर पडते. ही माती ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा सरल्यावर शाळूसारखे रब्बीचे पीक तिच्यावर येऊ शकते. या अनुकूलतेची किंमतही आहे : वरच्या खोऱ्यात मोठा पाऊस झाला की पूर येथे आणि खाली सांगलीस येतो. २००५ व २०१९ या वर्षांच्या महापुरांत हे पुन्हा दिसून आले.

३. कोरीव लेखांतील नगर

या भूमीवर नगर केव्हा उभे राहिले, याचा सर्वांत जुना लेखी पुरावा कऱ्हाडात नसून तेथून सुमारे एक हजार किलोमीटर दूर, मध्य प्रदेशातील भारहूत येथे सापडतो. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी उजेडात आणलेल्या तेथील बौद्ध स्तूपाच्या कठड्यावर दात्यांची नावे कोरलेली आहेत. हे लेख इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील मानले जातात. त्यांत 'करहकट' नगरीच्या दात्यांचा उल्लेख आहे. इतकेच नव्हे, तर एक दान 'करहकटनिगमा'चे, म्हणजे त्या व्यापारी नगरीने सामुदायिकपणे दिलेले आहे. अभ्यासकांनी हे करहकट म्हणजेच कऱ्हाड असे मानले आहे. सामुदायिक दान देण्यास नगराला संघटना असावी लागते, संपत्ती असावी लागते आणि दूरदेशाशी संबंध असावा लागतो. या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दातून सिद्ध होतात.

दुसरा पुरावा रायगड जिल्ह्यातील कुडा येथील लेण्यांचा. राजपुरीच्या खाडीजवळच्या या लेण्यांत महिक नावाच्या लोहवाण्याने, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याने, दिलेल्या दानाचा लेख आहे. हा महिक स्वतःस 'करहाकडक' म्हणवितो. घाटमाथ्यावरील नगरीचा व्यापारी कोकणातील खाडीच्या काठी लेणे दान करतो, यावरून घाट उतरून जाणाऱ्या व्यापाराची कल्पना येते. खुद्द कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांतील बहुतेक लहान व साधी आहेत.

संस्कृत वाङ्मयात हे नाव 'करहाटक' असे येते. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयात ते आढळते. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याचा शके ८८०, म्हणजे इ. स. ९५९ चा ताम्रपट कऱ्हाडासच मिळाला. त्यात करहाट प्रदेशातील एक गाव गगनशिव नावाच्या शैव तपस्व्यास दिल्याची नोंद आहे. पुढे शिलाहारांच्या काळात करहाट हे राजकुलाचे नगर झाले. चालुक्य सहावा विक्रमादित्य (राज्यकाल १०७६ ते ११२६) याचा करहाटच्या शिलाहार राजकन्येशी झालेला विवाह बिल्हणाने 'विक्रमांकदेवचरिता'त वर्णिला आहे.

४. नामरूपाचा प्रवास

आता या रूपांकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहू. भारहूतचे 'करहकट' आणि कुड्याचे 'करहाकड' यांत ठळक फरक आहे तो अखेरच्या व्यंजनाचा : ट चा ड झाला आहे. दोन स्वरांमधील एकेरी ट चा ड होणे हा प्राकृतांतील परिचित नियम होय. वट-वड, कीटक-किडा, घोटक-घोडा ही त्याचीच उदाहरणे. कुड्याचा लेख भारहूतच्या लेखांनंतरचा आहे, आणि नामरूपही त्याच क्रमाने पुढे सरकलेले आहे. यानंतर स्वरमध्यस्थ क चा लोप झाला, दोन स्वर एकत्र आले, अंत्य अकार व मधला अकार उच्चारातून गळले, की 'कऱ्हाड' हे रूप सिद्ध होते. प्रत्येक पायरी नियमित आहे.

येथे संस्कृत 'करहाटक' या रूपाचे स्थान काय, असा प्रश्न उद्भवतो. मराठीत अंत्य 'अक' चा नपुंसकलिंगी शब्दांत एकार होतो : कटक-कडे, स्थानक-ठाणे. गावाचे नाव 'करहाटक' या रूपातून आले असते, तर ते आज ठाण्याप्रमाणे एकारान्त झाले असते. ते तसे नाही. म्हणून आजचे नाव लोकांच्या प्राकृत रूपातून, अथवा ताम्रपटातील 'करहाट' या ककाररहित रूपातून आले, असे मानावे लागते. 'करहाटक' हे पंडितांनी सजविलेले रूप ठरते. अमरकोशात हा शब्द गेळ्याच्या झाडाचे एक नाव म्हणून येतो. परिचित वृक्षनामाच्या साच्यात नगरनाम बसविणे संस्कृत लेखकांस सोयीचे वाटले असणे शक्य आहे.

कुड्याच्या लेखातील 'करहाकडक' या शब्दाचा 'क' मात्र निराळा. तो गावाच्या नावाचा भाग नसून 'तेथील राहणारा' या अर्थाचा प्रत्यय आहे. या शब्दाचे नियमित मराठी रूप 'कऱ्हाडा' आणि अनेकवचन 'कऱ्हाडे'. आज एका ब्राह्मण पोटजातीचे नाव असलेला हा शब्द, त्याच्या सर्वांत जुन्या उपलब्ध रूपात, बौद्ध लेण्याला दान देणाऱ्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यास लावलेला आहे. त्याचा मूळ अर्थ जातिवाचक नाही, स्थलवाचक आहे.

५. लोकव्युत्पत्तींची कसोटी

कऱ्हाडच्या नावाची एक फोड 'कर' अधिक 'हाट', म्हणजे कर घेण्याची बाजारपेठ, अशी करण्यात येते. पेठेच्या गावास ती शोभते, परंतु टिकत नाही. 'हाट' हा शब्द संस्कृत 'हट्ट' पासून आला. जोड ट्ट चा मराठीत ट राहतो : पट्ट-पाट, हट्ट-हाट. त्याचा ड होत नाही. नावात 'हाट' असता तर गाव 'कऱ्हाट' झाले असते.

दुसरी फोड अधिक उपद्रवी आहे. जर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या 'सह्याद्रिखंडा'त 'काराष्ट्र' असे रूप कल्पून कऱ्हाड्यांच्या उत्पत्तीस हाडांचा संबंध जोडणारी निंदापर कथा आली आहे. 'कऱ्हाड' शब्दात 'हाड' ऐकू येते, हाच तिचा आधार. पण 'हाड' मूळचा 'हड्ड'. त्यात ट कधीच नव्हता. भारहूतच्या लेखात मात्र ट स्पष्ट आहे, आणि 'ह' व 'ट' यांच्यामध्ये ककारही आहे. अर्थात ट चा ड होऊन मधला क गळून गेल्यानंतरच ही कथा सुचू शकते. कथा नावाची उत्पत्ती सांगू पाहते, पण ती नावाच्या उत्तरकालीन उच्चारावर रचलेली आहे. जातींच्या परस्परस्पर्धेतून असे वाङ्मय निर्माण झाले. नगराचे नाव त्या स्पर्धेच्या कितीतरी शतके आधीचे आहे.

६. कऱ्हाड की कराड?

शासनव्यवहारात आज 'कराड' हे रूप रूढ आहे. 'कऱ्हाड' असे लिहिणारेही पुष्कळ आहेत. यांत शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न नाही. महाप्राण ह सोडून देण्याची प्रवृत्ती मराठी बोलींत व्यापक आहे. सातारा-सांगलीकडे 'आम्ही' चे 'आमी' आणि 'गाऱ्हाणे' चे 'गाराणे' सर्रास ऐकू येते. 'कराड' ही त्याच प्रवृत्तीची पुढची पायरी होय. गावाच्या नावातून गेलेला ह 'कऱ्हाडे' या साधित शब्दात मात्र टिकून राहिला. दक्षिण फ्रान्समधील बेझिए या नगराची गोष्ट अशीच आहे. रोमन काळातील 'बेतेरे' या नावातील त आजच्या उच्चारात उरलेला नाही, पण तेथील रहिवाशांस 'बितेर्वा' म्हणतात व त्यात तो दिसतो. फरक इतकाच की, तेथे लॅटिन जाणणाऱ्यांनी जुने रूप उचलले, आणि येथे कुळांच्या तोंडी ते परंपरेने चालत आले.

स्थलनामांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. गावाच्या आजच्या उच्चारावरून अर्थ लावण्यापूर्वी उपलब्ध असलेली सर्वांत जुनी रूपे कालक्रमाने मांडावीत. आणि अर्थ कितीही समर्पक वाटला तरी एकूण एक ध्वनीचा हिशेब लागल्याशिवाय तो स्वीकारू नये. कृष्णाकाठी अशी तपासणी होण्याजोगी गावे वाईपासून मिरजेपर्यंत पसरलेली आहेत. त्यांच्या ताम्रपटांतील व शिलालेखांतील रूपे एकत्र करून, प्रत्येक रूपापुढे त्याचे साल लिहून कोष्टक तयार करणे, हे या कामाचे पहिले पाऊल होय.