मनगटावरचा तोतया

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा चेहरामोहरा पाहून पुष्कळ माणसे फसली. खोलात चौकशी झाली, तेव्हाच त्याचे बिंग फुटले. नामांकित घड्याळाच्या तोतयाचीही गोष्ट अशीच आहे. आपण पाहतो तो चेहरा, आणि चेहऱ्याची नक्कल करणे हे सर्वांत सोपे.

हा धंदा आजचा नव्हे. पॅरिसचा विख्यात घड्याळजी ब्रेगे याच्या घड्याळांच्या इतक्या नकला झाल्या, की १७९५ च्या सुमारास त्याने तबकडीवर एक गुप्त सही कोरण्यास आरंभ केला. घड्याळ उजेडात तिरपे धरले, तरच ती दिसे.

आता रोलेक्सचे उदाहरण घेऊ. सेकंदकाटा सरकत चालला तर खरे, टकटक टप्पे घेत चालला तर खोटे, असा एक नियम आपल्याकडे सांगतात. या कंपनीच्या आजच्या स्वयंचलित घड्याळांतील यंत्र साधारणतः सेकंदाला आठ ठोके देते, म्हणून काटा सरकल्यासारखा दिसतो, हे खरे. परंतु आठ ठोक्यांची यंत्रे आज थोड्या पैशांतही मिळतात, आणि नकली घड्याळांत तीच बसवितात. उलट, रोलेक्सनेच १९७७ पासून सुमारे पाव शतक ‘ऑयस्टरक्वार्ट्झ’ ही सेलवर चालणारी घड्याळे विकली. त्यांचा काटा टप्पेच घेतो. म्हणजे हा नियम तोतयाला सोडून देतो आणि वडिलांच्या खऱ्या घड्याळाला चोर ठरवितो!

‘स्विस मेड’ या अक्षरांचेही तेच. २०१७ पासून स्वित्झर्लंडच्या कायद्याने, ती छापावयाची तर घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा निदान ६० टक्के भाग त्या देशात व्हावा लागतो. पण कायदा न मानणाऱ्याला दोन शब्द छापण्यास कितीसा वेळ लागणार?

तेव्हा एका खुणेवर निवाडा देऊ नये. भिंगातून अक्षरांच्या कडा पाहाव्यात, कोरलेला क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा, आणि पैसे मोजण्यापूर्वी जाणत्या घड्याळजीकडून मागचे झाकण उघडवून यंत्र पाहावे. जुन्या घड्याळांत कधी यंत्र अस्सल निघते आणि तबकडी मात्र नव्याने रंगविलेली. त्याची किंमतही त्याच मानाने करावी.

जो विक्रेता झाकण उघडू देत नाही, त्याच्याशी घासाघीस कशाला? आम्ही तर म्हणू, त्याला नमस्कार करावा आणि घरची वाट धरावी.