विश्लेषण : जुन्या मोटारीत नवे इंजिन, प्रदूषणरोधक भागही हवेत?

जुन्या शेव्हर्ले कमॅरोमध्ये कॉर्व्हेटचे ‘एलएस१’ इंजिन बसवणे हा अमेरिकी मोटारप्रेमींचा आवडता उद्योग. कॅलिफोर्नियात मात्र नुसते इंजिन बदलून भागत नाही.

नियम काय?

१९७६ व त्यानंतरच्या मॉडेलच्या मोटारींना राज्याच्या बहुतेक भागांत दर दोन वर्षांनी ‘स्मॉग चेक’ बंधनकारक आहे. बसवलेले इंजिन मोटारीच्याच मॉडेल वर्षाचे किंवा त्यानंतरचे हवे. शिवाय ते ज्या गाडीतले, तिचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा, संगणक हे सारे सोबत यायला हवे. मग ‘रेफरी’ केंद्र तपासणी करून दाराच्या चौकटीवर लेबल लावते.

धूर स्वच्छ असेल तर?

तरीही नापास! तपासनीस धुराबरोबर भागही पाहतो. कन्व्हर्टर गायब असेल तर नोंदणीचे नूतनीकरण अडते. गाडी विकतानाही प्रमाणपत्र विक्रेत्यानेच द्यायचे असते. त्यामुळे भंगारातून सुटे इंजिन उचलण्यापेक्षा अपघातग्रस्त गाडी अख्खी घेतलेली बरी. वायरिंगसकट सगळे हाती लागते.

१९७५पर्यंतच्या मोटारींचे काय?

पेट्रोलवरील अशा मोटारींना ही तपासणी नाही. पण ही सूट तपासणीपुरती. मूळचे प्रदूषणरोधक भाग काढून टाकण्याची मुभा कायदा देत नाही. ३५ वर्षांहून जुन्या संग्राह्य मोटारींना सूट देणारे, विनोदवीर जे लेनो यांचा पाठिंबा लाभलेले विधेयक ऑगस्ट २०२५मध्ये विधिमंडळाच्या समितीतच अडले. त्यामुळे १९७५ची कमॅरो मोकळी, १९७६ची रांगेत.